शेवट भिडला म्हणे

गेल्या वर्षी फेसबुकवर माझी एक पोस्ट अर्धीच पडली. मोबाईलच्या नोट्समधून कॉपी करताना खालचे तीन परिच्छेद सुटले आणि मी न बघता पोस्ट टाकून झोपून गेले. विषय होता गॅलिलिओ आणि शनी. १६१० साली त्यानं दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा ग्रहाच्या दोन्ही बाजूंना एकेक गोळा चिकटलाय असं त्याला दिसलं. १६१२ साली पुन्हा पाहिलं तर दोन्ही गोळे गायब. बिचारा चक्रावला. माझ्या पोस्टचं शेवटचं वाक्य होतं, 'याचं कारण असं होतं की'. बास. पुढे काही नाही, पूर्णविरामसुद्धा नाही.

सकाळी उठून बघते तर २८४ लाईक, साठेक कमेंट. 'अप्रतिम.' 'नेहमीप्रमाणेच वाचनीय.' 'किती सोपं करून सांगता ताई.' आणि एक, जी मी आजतागायत विसरलेले नाही: 'शेवट भिडला.' तिच्याखाली आणखी दोघांचं 'अगदी अगदी'.

इनबॉक्समध्ये मात्र रात्री पावणेबाराचा एक मेसेज पडला होता. नाव ओळखीचं नाही, या माणसानं माझ्या पोस्टला कधी लाईक केल्याचंही आठवत नाही. 'मॅडम, कारण काय होतं? की मलाच पोस्ट अर्धी दिसतेय?'

(कारण तुम्हालाही सांगून टाकते, उगाच लटकत ठेवत नाही. साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्याला अगदी धारेवरून दिसतात, आणि ती इतकी पातळ आहेत की नाहीशीच झाल्यासारखी वाटतात. २०२५ च्या मार्चमध्येही तसंच झालं होतं.)

त्या दिवशी पहिल्यांदा मी 'माझे वाचक' या शब्दाकडे नीट बघितलं.

खोटे फॉलोअर म्हटलं की आपल्याला विकतचे आठवतात. त्यांचा बाजार मोठा आहे हे खरंच. २०१८ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं डेव्हुमी नावाच्या अमेरिकी कंपनीचं बिंग फोडलं. तिच्याजवळ किमान ३५ लाख यंत्रचलित खाती, म्हणजे बॉट, होती. तीच खाती पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकून तिनं २० कोटींहून जास्त फॉलोअर पुरवले होते. त्यातल्या निदान ५५ हजार खात्यांवर खऱ्याखुऱ्या माणसांची नावं आणि फोटो चिकटवलेले होते, त्या माणसांना पत्ताच नाही. त्याच वर्षी जुलैत ट्विटरनं संशयावरून कुलूपबंद केलेली खाती फॉलोअरच्या मोजणीतून वगळली, तेव्हा ट्विटरच्या स्वतःच्याच हँडलचे सुमारे ७७ लाख कमी झाले. त्याआधी २०१४ च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामनं अशीच झाडू मारली आणि जस्टिन बीबरचे ३५ लाख एका फटक्यात गेले.

ही मंडळी ओळखायला फार डोकं लागत नाही. नावापुढे आठ आकडे, खातं गेल्या आठवड्यातलं, स्वतः हजारोंना फॉलो केलेलं आणि भिंतीवर दोन ढापलेले फोटो. शिवाय ती येतात झुंडीनं. काल काहीच लिहिलेलं नसताना आज चारशे नवे आले, तर ते वाचायला आलेले नाहीत एवढं कळायला फेसबुकची आकडेवारी, म्हणजे इन्साइट्स, उघडावी लागत नाही. तुम्ही फॉलो बॅक केलं की तिसऱ्या दिवशी गुपचूप अनफॉलो करणारे हे त्यांचेच चुलतभाऊ, फक्त हाडामांसाचे. यांच्यावर याहून जास्त लिहावं असं मला वाटत नाही.

पण माझ्या शनीखाली 'शेवट भिडला' लिहिणारे बॉट नव्हते. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखते. दोघांशी फोनवर बोलते. दुखतं ते इथे.

आता माझी बाजू सांगते, म्हणजे मी साळसूद असल्यासारखं वाटायला नको. आम्हा बारा-पंधरा लिहिणाऱ्यांचा एक व्हॉट्सअप ग्रुप होता. नियम साधा: पोस्ट टाकली की लिंक ग्रुपवर टाकायची, बाकीच्यांनी दहा मिनिटांत जाऊन लाईक आणि कमेंट करायची. 'हजेरी लावा मंडळी' असं त्यावर लिहायचं. फेसबुकनं २०१८ च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं की माणसांमाणसांत संवाद घडवणाऱ्या पोस्ट आता वर दिसतील. तेव्हापासून लिहिणाऱ्यांच्या जगात कमेंटचा भाव वधारला, आणि असे ग्रुप ठिकठिकाणी उगवले. इंग्रजीत यांना पॉड म्हणतात. आम्ही त्याला 'एकमेकांना सपोर्ट' म्हणायचो. खरं नाव उसनवारी. मी तुला एक 'वाह' दिला, तो तू मला परत करायचा.

एकदा घाईत होते. ग्रुपवर एका मित्राची लिंक आली. उघडली, पहिल्या दोन ओळी दिसल्या, त्याच्या लहानपणच्या, वडील त्याला सायकल शिकवताहेत वगैरे. 'सी मोअर' दाबलंच नाही. 'मस्त! जुन्या आठवणी ताज्या झाल्या' असं लिहून, वर एक हसरा चेहरा चिकटवून मी पुढे गेले. रात्री निवांत झाल्यावर पुन्हा ती पोस्ट समोर आली, तेव्हा पूर्ण वाचली. त्याचे वडील आदल्या आठवड्यात गेले होते. माझ्या कमेंटखाली त्यानं फक्त 'हो' लिहिलं होतं.

कमेंट डिलीट करावी की ठेवावी, यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग त्याला फोन केला. तो म्हणाला, 'अगं जाऊ दे, तिथे कोणीच वाचत नाही, मला माहितीय.' त्यानं रागवायला हवं होतं. तो रागावला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुप सोडला.

परिणाम लगेच दिसला. तीनशेवर जाणारे लाईक सत्तर-ऐंशीवर आले. ग्रुपमधल्या बारापैकी नऊ जण माझ्या भिंतीवरून असे नाहीसे झाले की शनीच्या कड्यांनीही लाजावं.

मग मला तपासायची सवयच लागली. माझी पोस्ट नीट वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि पहिले लाईक विसाव्या सेकंदाला येतात. हा हिशोब शाळकरी मुलालाही जमेल. कमेंटसाठी एक साधी युक्ती वापरते. ती मनातल्या मनात उचलायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टखाली ठेवून बघायची. कवितेखाली, राजकारणाखाली, वाढदिवसाच्या फोटोखाली, सगळीकडे चपखल बसली तर ती तुमच्यासाठी लिहिलेली नाहीच. बाईनं लिहीत असताना आणखी एक पट्टी आपोआप हातात येते. मी डीपी बदलला की ९०० लाईक. धूमकेतूवर दोन रात्री जागून लिहिलं की ६२. मधले ८३८ कशासाठी फॉलो करतात ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. त्यातलेच काही रात्री 'हाय डिअर' म्हणत इनबॉक्समध्ये येतात. वर्षभर डीपी बदललेला नाही. गर्दी आपोआप पांगली.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. त्या खुशीत फ्रेंडलिस्ट साफ करायला घेतली. पाच हजारांची मर्यादा आहे, ४,९०० च्या वर गेले होते, नव्या लोकांना जागा नव्हती. तीन रात्री बसून उडवत सुटले. निकष कडक: डीपीत माणूस नाही, भिंतीवर पोस्ट नाही, माझ्या पोस्टवर कधी लाईक नाही, तर गच्छंती. साडेसहाशे जण गेले.

आठवड्यानं मेसेज रिक्वेस्टमध्ये एक लांबलचक पत्र आलं. डीपी म्हणून जास्वंदीचं फूल. भिंत कोरी. 'ताई, तुमच्या पोस्ट दिसेनाशा झाल्या म्हणून शोधत आले, तर ॲड फ्रेंड दिसलं. माझं काही चुकलं का?' चार वर्षं वाचत होत्या. गुरूचे चार चंद्र साध्या द्विनेत्रीतून कसे शोधायचे यावर मी कधीतरी लिहिलं होतं. त्या पोस्टवरून त्यांनी मुलाला ते दाखवले होते, आणि तीन रात्री चंद्रांच्या जागा कशा बदलल्या याचं चित्र त्यानं वहीत काढलं होतं. त्या वहीच्या पानाचा फोटो सोबत होता. चार ठिपके, प्रत्येक रात्री वेगळ्या ठिकाणी, बाजूला पेन्सिलनं वेळ. लाईक का करत नव्हत्या? 'लाईक केलं की नातेवाइकांना दिसतं, मग रात्री जागून फेसबुक बघते म्हणून बोलणी बसतात. मी पोस्ट कॉपी करून बहिणीला पाठवते.'

माझ्या यादीतला सगळ्यात संशयास्पद नग म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या वाचकांपैकी एक.

तेव्हापासून 'खोटे फॉलोअर ओळखण्याच्या खुणा' असलं काही दिसलं की मी जरा लांबून वाचते. त्या खुणा यंत्र ओळखायला ठीक आहेत. माणसाच्या बाबतीत त्या उलट्याही पडतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सननं २००६ साली ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात, एक जण सतत लिहितो. आकडे जागेनुसार बदलत असतील, पण चित्र बरोबर आहे. आपण दहांच्या गलबल्याला वाचकवर्ग समजतो आणि नव्वदांना रिकामी खुर्ची.

आता मी काय करते ते लिहिते. उपदेश म्हणून घेऊ नका, माझंही अजून चुकतमाकत चाललंय. परतफेडीचे लाईक पूर्ण बंद. ज्याची पोस्ट वाचली त्यालाच लाईक, आणि म्हणण्यासारखं काही असेल तरच कमेंट. यात दोन मैत्रिणी रुसल्या, एक अजून बोलत नाही. 'कसं वाटलं?' हे विचारणं सोडलं, कारण त्याला 'छान' हे एकच उत्तर येतं. त्याऐवजी विचारते, 'तुमच्या गच्चीतून आज मृग कितीला वर आला?' याला अकरा उत्तरं येतात. अकराच. पण त्यातला एक जण चिडून लिहितो की ढगांमुळे काही दिसलं नाही, आणि म्हणजे तो खरंच वर जाऊन आला होता.

उत्तर मी प्रत्येकाला देते, उशिरा का होईना. सलग दहा जणांना 'धन्यवाद' चिकटवणं हेही मी खोट्यातच धरते. लिहिणाऱ्यानं तोंडदेखलं वागायचं आणि वाचणाऱ्यानं मात्र मनापासून यायचं, हे कसं जमेल? आणि आकाश सोडून मध्येच गाजणाऱ्या वादात उडी मारायची नाही. एकदा मारली होती. दोन दिवसांत सातशे फॉलोअर वाढले आणि त्यांना आजतागायत शनीशी काही देणंघेणं नाही. ते नुसते बसून असतात, समोरून धूमकेतू गेला तरी ढिम्म. अल्गोरिदमला वाटतं हिच्याच माणसांना हिचं आवडत नाही, तर इतरांना कशाला दाखवा. गर्दीची किंमत अशी मोजावी लागते.

आणि हो, ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी आधी खडूस म्हणून म्यूट केलं होतं, त्यांना परत चालू केलंय. गेल्या सहा वर्षांत त्यांनी एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. परवाच्या व्याधाच्या ताऱ्यावरच्या पोस्टला ४३ लाईक होते, आणि त्याखाली या काकांची एकुलती एक कमेंट. मी लिहिलं होतं, 'व्याध आपल्यापासून ८६ प्रकाशवर्षं दूर आहे.'

काका: '८.६. टिंब कुठं सांडलं?'

दुरुस्त केलंय काका. फुलाच्या डीपीवाल्या ताईंनीही रात्री इनबॉक्समध्ये हेच विचारलं होतं, फक्त जरा मऊ शब्दांत.