ट्रेलर असा कापा, की सिनेमा बघायची गरजच उरू नये

अभिनंदन! सिनेमा पूर्ण झाला. त्यासाठी काजूची बाग विकली नाहीत, नुसती गहाण ठेवलीत, म्हणजे तुमचे डोके अजून ठिकाणावर आहे. आता खरे काम सुरू. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची जत्रा, आली की पणजीत कांपालच्या रस्त्यावर दर दुसरा माणूस मोबाइल पुढे करून ‘फक्त दोन मिनिटं बघा हं’ म्हणत असतो. या गर्दीत तुमचा ट्रेलर उठून दिसायला हवा.

सुरुवात ड्रोनने करा. तुमची गोष्ट डिचोलीच्या ट्रकवाल्याची आहे हे ठाऊक आहे. २०१८ साली खाणी बंद पडल्या, हप्ते थकले, ट्रक दारात उभा राहिला. तरीही ड्रोन समुद्रावरूनच यायला हवा. गोव्याच्या सिनेमात समुद्र नाही म्हटल्यावर मुंबईचा वितरक फोन उचलत नाही. जमल्यास दूधसागरही घाला. डिचोलीहून तिथे जायला किती वेळ लागतो हे बघणाऱ्याला कुठे ठाऊक असते?

मग व्यक्तिरेखा. इथे नवखे लोक हमखास फसतात. तुमच्या सिनेमात एक दृश्य आहे: भाडे नाही, डिझेल नाही, तरी तो माणूस रोज सकाळी ट्रक धुतो आणि आरशाला हार घालतो. बायको दारातून बघते आणि काही न बोलता आत जाते. हे दृश्य ट्रेलरमध्ये चुकूनही ठेवू नका. अर्ध्या मिनिटात लोकांना तो माणूस कळेल, त्याच्याविषयी काहीतरी वाटेल आणि पुढे त्याचे काय झाले असा प्रश्न पडेल. प्रश्न पडलेला प्रेक्षक फार त्रासदायक. तो शिट्टी मारत नाही, विचार करत बसतो.

त्यापेक्षा नायकाने स्वतः काहीच करू नये, बाकीच्यांनी त्याच्याविषयी बोलावे. हवालदार म्हणेल, ‘तो परत आलाय.’ खलनायकाचा हात थबकेल. एखादी म्हातारी आकाशाकडे बघेल. मग पाठमोरा, धुळीतून, स्लो मोशनमध्ये नायक. तो कुठून परत आला, हे ट्रेलरमध्ये कोणी विचारत नाही; खरे तर तो कुठे गेलाच नव्हता, ट्रकशेजारी बसून होता. नटाला अभिनय येत नसेल तरी घाबरू नका. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाटीला, एकदा शवपेटीला आणि एकदा बाईला जोडून दाखवला. लोकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली असे सांगतात. तुमच्या नायकाचा चेहरा स्फोटाला जोडा. स्फोट सिनेमात नाही? संगणकावर होतो, आणि तो सगळ्यांचा सारखाच असतो.

ताण निर्माण करणे तर त्याहून सोपे. पडदा काळा, हृदयाचे ठोके, मग असा भोंगा की पुढच्या रांगेतल्या माणसाचा पॉपकॉर्न सांडावा. हॉलिवूडमध्ये २०१०च्या सुमारास या भोंग्याची साथ आली. आपल्याकडे ती अजून ओसरलेली नाही, म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. शांतता मात्र एका सेकंदावर जाऊ देऊ नका. शांततेत लोक कथा शोधू लागतात.

आल्फ्रेड हिचकॉकचा कित्ता तर मुळीच गिरवू नका. त्याने १९६०च्या ‘सायको’साठी सहा मिनिटांहून लांब ट्रेलर केला आणि त्यात स्वतःच रिकाम्या सेटवर फिरत बसला. इथे काय घडले ते सांगता सांगता मध्येच थांबतो, पुढच्या खोलीत जातो, शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि एक किंकाळी. किंचाळणारी नटीसुद्धा सिनेमात तिथे मरणारी नव्हेच! एवढे लपवल्यावर माणसे थिएटरात धावली. तुम्ही असा चिक्कूपणा करू नका. मध्यंतराचा धक्का, बहिणीचे लग्न, मित्राची गद्दारी आणि शेवटची मारामारी, सगळे क्रमाने द्या. अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांच्या संघटनेने २०१४ साली ट्रेलर दोन मिनिटांत आवरा अशी सूचना केली होती. आपण काय अमेरिकेत राहतो? साडेतीन मिनिटे घ्या.

यावर तुमचा एडिटर, तो पेडण्याचा असेल तर, हटकून कुरकुरेल: ‘भाई, आमच्याकडे जत्रेला दशावताराचं नाटक होतं. संकासुर वेद पळवणार आणि विष्णूच्या हातून मरणार, हे पोरासोरांनाही पाठ असतं. तरी माणसं पहाटे शेवटच्या दहीकाल्यापर्यंत जागतात.’ पोराला चहा पाजा आणि विषय बदला. त्या लोकांना गोष्ट ठाऊक असते. आजचा नट कोणता टोला हाणेल, ऐनवेळी काय रचून बोलेल, हे ठाऊक नसते. तेवढ्यासाठी ते थंडीत बसतात. आता तुमच्या सिनेमातले असे टोले आधीच ट्रेलरमध्ये गेले आहेत, त्यामुळे ही तुलना तुम्हाला लागू नाही.

कायद्याची भीती वाटत असेल, तर तीही मिटली आहे. २०१६च्या ‘फॅन’च्या प्रोमोत दिसलेले गाणे सिनेमात नव्हते म्हणून एका प्रेक्षक बाईंनी ग्राहक मंचात दाद मागितली. राष्ट्रीय आयोगापर्यंत त्यांना दहा हजारांची भरपाईही मंजूर झाली. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यातले सगळे सिनेमात असेलच असे वचन नव्हे, असा एकूण निकाल. तेव्हा दूधसागर बिनधास्त घाला. (भरपाई गेली तरी माझी सहानुभूती बाईंकडेच आहे, पण सल्ला देणाऱ्याने इतके हळवे असू नये.)

दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी होतील. खचू नका, लगेच नवा ट्रेलर काढा: ‘प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद!’ त्यासाठी डोळे विस्फारून बघणारी, हसणारी, आ वासलेली माणसे लागतील आणि तुमच्या खेळाला ती मिळणार नाहीत. एडिटरला कॅमेरा देऊन पेडण्याच्या जत्रेला पाठवा. पहाटे तीनच्या सुमारास घेतलेले चेहरे उत्तम लागतात. फक्त पाठीमागे संकासुर दिसणार नाही, याची काळजी घ्यायला सांगा.