लँडिंगला टायर फुटतो म्हणून घाबरवणारा मेसेज, आणि खरी भीती कशाची

गेले काही दिवस विमान उतरतानाचा एक व्हिडिओ फिरतोय आणि खाली लिहिलंय की चाकातून धूर येतो म्हणजे टायर जळत असतो, कंपन्या पैसे वाचवायला रिमोल्ड टायर लावतात म्हणून ते फुटतात, एक फुटला की विमान उलटतं, आणि नायट्रोजन भरला असता तर फुटलाच नसता. आधीच घाबरत विमानात बसणारी माणसं हे वाचून अजून घाबरतात, म्हणून लिहितोय.

धुराचं सोपं आहे. हवेत चाक फिरत नसतं, विमान ताशी साधारण २५० किमीने टेकतं, तो वेग पकडेपर्यंत रबर क्षणभर घासतं, बास. प्रत्येक लँडिंगला होतं. रनवेवरचे काळे पट्टे त्याचेच.

रिमोल्ड लावतात हे खरंय, पण त्यात लपवाछपवी काही नाही. टायरचा सांगाडा तपासून, पास झाला तरच वर नवीन ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा रबराचा थर, चढवतात, नियमात बसणारी आणि जगभर चालणारी पद्धत आहे ही. टायरचा खरा शत्रू म्हणजे कमी प्रेशर. मोठ्या विमानात ते २०० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असतं, ते कमी झालं की टायर दबत दबत धावतो, आतून तापतो आणि फाटतो. आणि हे सगळ्यात वाईट टेक-ऑफला, कारण तेव्हा इंधन भरलेलं, वजन जास्त आणि विमान हवेत जाणार असतं! १९९१ ला जेद्दाहून निघालेल्या नायजेरिया एअरवेजच्या डीसी-८ विमानाचं हेच झालं, कमी प्रेशरचे टायर धावतानाच फुटले, आग लागली, जळती चाकं आत ओढली गेली, २६१ माणसं गेली. २००० साली पॅरिसला काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाचा टायर रनवेवर पडलेल्या धातूच्या पट्टीने फाटला तोही टेक-ऑफलाच. मेसेजमध्ये टेक-ऑफचा शब्दसुद्धा नाही.

उलटण्याचं म्हणाल तर ७३७ किंवा ए३२० या नेहमीच्या प्रवासी विमानांना मागे प्रत्येक पायाला दोन चाकं असतात, एक गेलं तर दुसरं भार घेतं, पायलट रडर (शेपटीवरचं सुकाणू) आणि ब्रेकने विमान सरळ ठेवतो. फाटलेल्या रबराचे तुकडे पंखाच्या फ्लॅपला (मागच्या हलत्या पट्टीला) किंवा हायड्रॉलिकच्या पाइपला लागू शकतात, तो धोका आहे आणि मी तो नाकारत नाही. पण २००५ मध्ये जेटब्लू या अमेरिकन कंपनीचं ए३२० पुढची चाकं आडवी झालेल्या अवस्थेत लॉस एंजेलिसला उतरलं, टायर फाटले, रिम घासून ठिणग्या उडाल्या, तरी एकालाही इजा झाली नाही.

आता नायट्रोजन. तो मोठ्या विमानांत भरतातच, पण असं फाटणं थांबवायला नाही, आतला स्फोट टाळायला. टायर खूप तापला की आतल्या रबरातून वाफा निघतात आणि साध्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की स्फोट होतो. १९८६ ला मेक्सिकाना या मेक्सिकोच्या कंपनीच्या ७२७ विमानात टायरात साधी हवा होती, ब्रेक तापले, उड्डाणानंतर चाकाच्या कप्प्यातच टायरचा स्फोट झाला, १६७ मृत्यू. त्यानंतर अमेरिकेत नायट्रोजन सक्तीचा झाला. शिवाय रिममध्ये ठराविक तापमानाला वितळणारे प्लग असतात, ब्रेक फार तापले तर ते आधी वितळून गॅस हळूहळू सोडून देतात.

आणि कमी प्रेशर डोळ्यांनी कळत नाही बरं का, जोडीतलं शेजारचं चाक भार उचलून धरतं म्हणून दोन्ही टायर सारखेच दिसतात. म्हणून इंजिनिअर टायर थंड असताना गेज लावूनच मोजतात.