सत्तरीपुढच्यांना युरोप फुकट? कुठल्या पासपोर्टवर?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘युरोपला आता व्हिसा नको! ईटियासचा ऑनलाइन फॉर्म भरा, फक्त २० युरो. सत्तरीपुढे तेही माफ. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर काहीच नको. लंडनला १६ पौंडांत.’ खाली लिंक.

गंमत अशी की यातले आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत. २० युरो खरे, सत्तरीची माफी खरी, १६ पौंडही हवेतले नाहीत. फक्त यातलं काहीच भारतीय पासपोर्टला लागू होत नाही.

अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, छोट्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. त्यांनी निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी, यासाठी युरोपीय संघाचं ईटियास आहे. म्हणजे सवलत कुणाचीच वाढलेली नाही; ज्यांना होती त्यांच्या वाटेत एक चौकी बसतेय. भारत व्हिसा लागणाऱ्या देशांच्या यादीत होता आणि आहे. आपल्याला तोच शेंगेन व्हिसा: जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, आणि बोटांचे ठसे.

आता सत्तरीची माफी, कारण मेसेज पुढे ढकलला जातोय तो तिच्यामुळेच. १८ च्या आतल्यांना आणि ७० च्या पुढच्यांना ईटियासची फी नाही, पण अर्ज त्यांनाही करावाच लागणार. शेंगेन व्हिसाच्या फीत मात्र वयस्करांना सूट नाही. वयाची सूट आहे ती लहान मुलांना. समजा मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात लंडनला असतात, तिघांचे पासपोर्ट ब्रिटिश, आणि नौपाड्यातले आजी-आजोबा त्यांच्याबरोबर पॅरिसला जाणार आहेत. ईटियास सुरू झाल्यावर मुलगा-सून प्रत्येकी २० युरो भरतील, नातीचा अर्ज फुकट होईल. आजी-आजोबांना पंचाहत्तरी उलटली तरी व्हिसाचे प्रत्येकी ९० युरो मोजावे लागतील. मुलाच्या पासपोर्टावर आईवडील जात नाहीत. हा नियम नाती बघत नाही, प्रत्येकाचं नागरिकत्व बघतो.

ग्रीन कार्डाचंही तेच. कार्ड अमेरिकेत राहण्याचं, पासपोर्ट भारताचाच. त्यामुळे शेंगेन व्हिसा सुटत नाही. अमेरिकेच्या व्हिसाने तर नाहीच. ही समजूत कुठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. वैध अमेरिकी व्हिसावर मेक्सिको भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतो, आणि ग्रीन कार्डधारकाला कॅनडासाठी व्हिसा लागत नाही. पण ही त्या त्या देशांची सोय. तिचा युरोपशी काय संबंध?

लंडनचे १६ पौंड म्हणजे ब्रिटनच्या ईटीएची, ईटियाससारख्याच ऑनलाइन परवानगीची, २०२५ मधली फी. एप्रिल २०२५ मध्ये ती १० वरून १६ झाली. तीही व्हिसा न लागणाऱ्यांचीच. आपल्याला व्हिजिटर व्हिसा, आणि तो याच्या कितीतरी पट महाग.

शिवाय असली परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश पक्का, असंही नाही. शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा.

राहिली ती लिंक. मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच. ईटियास २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल असं युरोपीय संघाने जाहीर केलंय; सुरू होण्याआधी कुणीही त्याच्या नावाने पैसे मागत असेल तर ती फसवणूक. सुरू झाल्यावरही अधिकृत संकेतस्थळ ‘युरोपा डॉट ईयू’वरच असेल, आणि भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे काही काम नाही. कुणी आधीच कार्डाने पैसे भरून पासपोर्टचा फोटो पाठवला असेल, तर कार्ड लगेच ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.