दहा, वीस, तीस, नव्वद: एका तक्त्याचा हिशेब

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात एक तक्ता हमखास दाखवला जातो: वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते. त्यावरून निष्कर्ष काढला जातो की व्हिडिओ, क्विझचे ॲप, सिम्युलेशन, एलएमएस (अभ्याससाहित्य आणि गृहपाठ ठेवण्याची ऑनलाइन प्रणाली) अशी साधने जितकी अधिक, तितके प्रोग्रामिंग पक्के.

आधी आकडे पाहू. हा तक्ता एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. मूर्त अनुभवापासून शब्दांपर्यंतची ती केवळ एक मांडणी होती आणि आकडे नंतर चिकटवले गेले. कोणाची, कशाची आणि किती दिवसांनी परीक्षा घेतली याचा पत्ता नसताना प्रत्येक उत्तर दहाच्या पाढ्यातले यावे, एवढ्यावरूनच आपल्यासारख्या गणित शिकलेल्यांना शंका यायला हवी होती.

दुसरा समज लिंक्ड लिस्टचा, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या यादीचा. तिच्या प्रत्येक कप्प्यात (नोडमध्ये) माहितीबरोबर पुढच्या नोडचा पत्ता सांगणारा दुवा, म्हणजे पॉइंटर, असतो; पडद्यावर हे नोड सरकताना दिसले की पॉइंटर कळतो, असे मानले जाते. २००२ साली हंडहॉसन, डग्लस आणि स्टास्को या संशोधकांनी अल्गोरिदमच्या ॲनिमेशनवरील २४ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चित्रात काय दिसते यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राबरोबर काय करतो, याचाच परिणाम मोठा असल्याचे त्यांना आढळले. नवा नोड मध्ये घालताना मागच्या नोडचा दुवा आधीच बदलला, तर उरलेली यादी कुठून सापडेल, हे विचारून मुलांना वहीत बाण काढायला लावावेत आणि मगच ॲनिमेशन पुढे सरकवावे. न थांबवता चालवलेले ॲनिमेशन मुले कौतुकाने पाहतात, आणि तेवढेच. (हाच प्रश्न खडू-फळ्यावरही विचारता येतो.)

प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी (कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून), म्हणून साधने अनेक हवीत, हा युक्तिवादही २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासला. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

साधने वाढवण्यात तोटा तरी काय, असे विचारले जाते. कोड एका खिडकीत, त्याचे स्पष्टीकरण पीडीएफमध्ये, व्हिडिओ तिसरीकडे आणि शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर असल्या, की नवशिक्याची शक्ती तुकडे जुळवण्यातच खर्च होते. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या आकलनभाराच्या (शिकताना मनावर एका वेळी किती ओझे पडते याच्या) मांडणीत विभागलेल्या लक्षाचा हा परिणाम स्पष्टपणे येतो.

करून शिकण्याला माझा विरोध नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये छोटा व्हिडिओ आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी ठेवून, थांबत थांबत तीच कृती करायची असते; आवाज मराठीतही मिळतो. साधन एकच, पण हात थांबलेला नसतो. मात्र मित्राचा प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवून काढणे हेही ‘स्वतः करणे’च असते, आणि तोंडी परीक्षेत त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला की नव्वदांपैकी किती उरले ते समजते.