बाळूचं नाव कोणत्या वहीत?

"सरकारनं वेळेवर हात घातला म्हणून निभावलं. नाहीतर अख्खा बाजार बसला असता," भाऊसाहेब म्हणाले आणि तिथून जुंपली.

बोलणं खरं तर ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांवर चाललं होतं. पण धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्रीच्या कट्ट्यावर बुडालेल्या ठेकेदाराचा विषय निघाला की आयएल अँड एफएसचं नाव येतंच. रस्ते बांधणारी आणि अशा कामांना पैसा पुरवणारी ही बडी कंपनी २०१८ मध्ये कर्ज फेडता न येऊन कोसळली. भाऊसाहेब बोलले ते तिच्याबद्दल. फागण्यापासून गुजरात हद्दीपर्यंतचा १४० किलोमीटरचा चौपदरी रस्ता त्यांच्याच उपकंपनीकडे होता. कुसुंबा, साक्री, दहिवेल, विसरवाडी, नवापूर या पट्ट्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. त्या रखडलेल्या वर्षांची धूळ आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे.

भाऊसाहेब पंचायत समितीचे माजी सदस्य. समोर चार टाळकी असली तरी सभा असल्यासारखे बोलतात, आणि दर तिसऱ्या वाक्याला "वरून बघा" म्हणतात. आताही म्हणाले, "तुम्ही खालून बघता म्हणून तुम्हाला खड्डा दिसतो. वरून बघा, धोरण दिसेल."

"वरून बघायला हेलिकॉप्टर लागतं, भाऊसाहेब. माझ्याकडे डंपर आहे. तोही आता एकच," बाळू म्हणाला.

बाळूकडे दोन डंपर होते. दुसरा कुठे गेला ते पुढे येईलच.

निलेश नाशिकला सीएच्या ऑफिसात असतो, सुटीला आला होता. त्याला तारखा पाठ. तो सांगायला लागला, "१ ऑक्टोबर २०१८. केंद्र सरकार स्वतः मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात गेलं. कंपनी कायद्याचं २४१ आणि २४२ कलम. जुनं संचालक मंडळ त्याच दिवशी बाजूला केलं आणि बँकवाले उदय कोटक यांच्यासह सहा जणांचं नवं मंडळ बसवलं. २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या घोटाळ्याच्या वेळी हेच केलं होतं."

"बघा!" भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "एका दिवसात! याला म्हणतात निर्णयक्षमता."

"एका दिवसात संचालक बदलले," बाळू म्हणाला. "माझा हप्ता मात्र तोच राहिला."

नाना बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ते सहसा कोणाची बाजू घेत नाहीत, पण चुकीचं काही बोललं गेलं की त्यांना राहवत नाही. ते म्हणाले, "सरकारनं हात घातला हे बरोबरच केलं. मंडळानं घर उघडून पाहिलं तर आत साडेतीनशेच्या आसपास कंपन्या निघाल्या. एकीनं दुसरीला उसने दिलेले, दुसरीनं तिसरीला. कर्ज ९० हजार कोटींच्या वर. असल्या वेळी पहिला येईल त्यानं ओढून न्यायचं ठरवलं असतं तर तयार रस्तेसुद्धा बंद पडले असते."

"म्हणूनच १५ ऑक्टोबरला अपील न्यायाधिकरणानं सगळी वसुली थांबवली," निलेश म्हणाला. "ग्रुपमधल्या कुठल्याच कंपनीवर कोणी दावा लावायचा नाही, जप्ती आणायची नाही. मग कंपन्यांचे तीन रंग केले. जी सगळी देणी देऊ शकते ती हिरवी, जी निदान तारण असलेल्या बँकांचं देऊ शकते ती पिवळी, आणि जिला तेही जमत नाही ती लाल."

बाळू पेला खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे पैसे ज्यानं बुडवले त्याच्या डोक्यावर छत्री. मग फायनान्सवाल्यांनी माझा डंपर पंपावरून ओढून नेला तेव्हा माझं ट्रिब्युनल कोणतं होतं रे भो? माझा रंग कोणता?"

यावर कोणी बोललं नाही. भाऊसाहेबसुद्धा भज्याकडे बघत राहिले.

बाळूची गोष्ट आयएल अँड एफएसची नाही. ते काम वेगळं, कंपनी वेगळी, आणि तिचं नाव इथे नको. पण तऱ्हा तीच. वरच्या कंपनीनं काम मधल्याला दिलं, मधल्यानं आणखी एकाला, आणि त्या शेवटच्यानं बाळूला मुरूम टाकायला सांगितलं. वरची कंपनी बसली. मधला म्हणाला वरून येत नाही, शेवटच्याचा फोन बंद. बाळूच्या घरी एका प्लास्टिकच्या पिशवीत ट्रिपच्या स्लिपा आहेत. मी पाहिल्या आहेत. गुलाबी कागद, कार्बनची कॉपी, त्यावर गाडी नंबर, वेळ, ब्रास आणि सुपरवायझरची वळवळीत सही. एका पावसाळ्यात पत्रा गळला आणि मधला गठ्ठा भिजला. आता त्या स्लिपा एकमेकींना चिकटल्या आहेत. सोडवायला गेलं की सही निघून येते. पत्र्याच्या ट्रंकेत, लेकीच्या दहावीच्या मार्कशीटशेजारी, त्यानं ती पिशवी ठेवली आहे.

"उद्यम नोंदणी का नाही केलीस?" निलेशनं विचारलं. "२००६ चा कायदा आहे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. सरकारचं तक्रारीचं पोर्टल आहे त्यासाठी."

"त्याला वर्क ऑर्डर लागते ना?"

"लागते."

"बिल लागतं?"

"लागतं."

"मना पैसा कधय भेटतीन ते सांग. मनाकडे फक्त स्लिपा शेत."

मला वाटतं सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे. सरकारनं मोठी कंपनी कोसळताना जे केलं ते बँकांसाठी केलं, म्युच्युअल फंडांसाठी केलं, चालू टोलसाठी केलं, आणि त्यातलं बरंचसं करायलाच हवं होतं. पण ज्याचं देणं कागदावर आहे, तेवढ्याच माणसाला ते दिसलं. ज्याच्या मुरमावर रस्ता उभा आहे त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. महामार्ग प्राधिकरणाच्या नाही, कंपनीच्या नाही, दिवाळखोरीच्या यादीत तर नाहीच. नवा ठेकेदार येतो, उरलेल्या कामाची नवी निविदा निघते, आणि जुनी उधारी जुन्याबरोबर पुरली जाते. मला याचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

मास्तर तोवर गप्प होते. एकदम म्हणाले, "आणि एलआयसी? तिचा त्या कंपनीत चौथा हिस्सा होता ना? म्हणजे माझ्या पॉलिसीचा पैसा."

"पाव हिश्श्याच्या थोडा वरच," निलेश म्हणाला. "शिवाय कितीतरी प्रॉव्हिडंट फंडांनी त्यांचे रोखे घेतले होते. घेणारच. जुलैत रेटिंग ट्रिपल ए होतं. सप्टेंबरात डी."

"दोन महिन्यांत वर्गातला पहिला नापास!" मास्तर चिडले. "पेपर तपासणाऱ्याचं काय झालं?"

"सेबीनं रेटिंग देणाऱ्या कंपन्यांना २५-२५ लाखांचा दंड केला होता. पुढे तो १ कोटी केला."

"९० हजार कोटींवर एक कोटी," बाळू म्हणाला. "आमच्याकडे ओव्हरलोडला याहून कडक धरतात."

भाऊसाहेबांना आता काहीतरी बोलणं भाग होतं. "पण वसुली बघा ना! नव्या मंडळानं ६१ टक्के वसुलीचा अंदाज दिलाय. एकसष्ट टक्के! दिवाळखोरीत इतकं कुठे मिळतं? फर्स्ट क्लास आहे हा!"

"कोणाला?" नानांनी शांतपणे विचारलं.

"म्हणजे... एकूण."

"एकूणमध्ये बँका आधी. मालमत्ता विकून पैसा आला की रांग लागते. तारणवाला पुढे, माल पुरवणारा मागे. बाळू त्या रांगेत नाहीच, तो गेटबाहेर उभा आहे."

निलेशला इंग्लंडचं उदाहरण सुचलं. त्याच वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, तिकडे कॅरिलियन नावाची कंपनी बुडाली. सरकारी कामांचीच कंपनी. शाळांची जेवणं, हॉस्पिटलांची बांधकामं, तुरुंगांची देखभाल, रेल्वे, रस्ते, असे सुमारे साडेचारशे सरकारी ठेके. देणी सात अब्ज पौंड आणि खात्यात २.९ कोटी पौंड. सरकारनं कंपनीला पैसे द्यायला साफ नकार दिला, ती अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला, जाऊ दिली. पण सरकारी अवसायकामार्फत शाळा-हॉस्पिटलांतल्या माणसांचे पगार चालू ठेवले. स्वयंपाकघर एक दिवस बंद पडलं नाही.

"हे बरंय," मास्तर म्हणाले. "कंपनी मरू द्या, पोरांचं जेवण चालू ठेवा."

"आणि माल पुरवणारे?" बाळूनं विचारलं.

"तीस हजारांच्या आसपास होते. बहुतेकांना काही मिळालं नाही. आधीच बिलं १२०-१२० दिवसांनी देत होते."

बाळू हसला. "मग ठीक आहे. म्हणजे लंडनलाही आपली भावकी आहे."

"पण एक आहे," निलेश म्हणाला. "तिकडच्या हायवे खात्याच्या काही कामांवर प्रोजेक्टचं वेगळं बँक खातं होतं. पैसा त्या खात्यात येतो आणि पोटठेकेदाराला तिथूनच मिळतो, मोठ्या कंपनीच्या तिजोरीत जात नाही. त्या कामांवरची माणसं बरीचशी वाचली."

नाना सावरून बसले. "आपल्याकडेही टोलच्या कामाला एस्क्रो खातं असतं. पैसे आधी कशाला, मग कशाला, सगळा क्रम करारात लिहिलेला असतो. त्यात पोटठेकेदाराची एक ओळ घालायला काय जातं? साईटवर रजिस्टर ठेवा. कोणाचा डंपर, किती ट्रिपा. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, जसं माप चढतं तसं त्याचं नाव चढवा. पुढचं रनिंग बिल काढण्याआधी मागचे पैसे खालपर्यंत पोचल्याच्या सह्या मागा. मी तीस वर्षं एमबी भरली. हे अवघड नाही. कोणाला करायचं नाही, एवढंच."

मला हे शंभर टक्के पटतं. कंपनी कोसळल्यावर सरकार काय करतं यापेक्षा कंपनी उभी असताना सरकार कोणाची नावं लिहून घेतं, यावर बाळूसारख्यांचं सगळं ठरतं.

सांगलीच्या त्या तरुणाचा विषय मास्तरांनी काढला. जुलै २०२५. जलजीवन योजनेची नळपाण्याची कामं करणाऱ्या पोरानं जीव दिला, आणि सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कामच नाही, पोटठेकेदार असेल. राज्यभरातली थकबाकी ८०-९० हजार कोटी असल्याचं ठेकेदार संघटना सांगत होत्या, त्याच वर्षातली ही गोष्ट.

"तिथे कोणती कंपनी बुडाली होती, भाऊसाहेब?" नाना म्हणाले. "तिथे तर वरचा ठेकेदार नाही, वरचं सरकारच पैसे देत नव्हतं."

"नाव नाही, हे उत्तर मला तोंडपाठ आहे," बाळू म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

टपरीवाला आप्पा आतून ओरडला, "चहा थंडा व्हई ऱ्हायना!" आणि बरं झालं ओरडला.

विषय हलका करायला नानांनी जुनं उकरलं. "बाळू, तुझी एक गाडी मी परत पाठवली होती, आठवतं? दहिवेलच्या कामावर."

"मुरूम होता तो नाना!"

"माती होती."

"पिवळा मुरूम होता! तुम्ही चष्मा विसरले होते त्या दिवशी."

"मुठीत दाबून पाहिली मी. लाडू झाला. मुरमाचा लाडू होतो का?"

"पाऊस पडला होता आदल्या रात्री!"

"मार्च महिना होता, बाळू."

"मार्चात गारपीट होत नाही का खान्देशात? नाना, माझं डिझेल गेलं त्या दिवशी, रॉयल्टीची पावती वाया गेली, आणि तुम्ही वर मला चहा पाजला. त्या चहानं माझा अपमान झाला!"

दोघंही हे भांडण मनापासून भांडतात. बाळू आजही शपथेवर सांगेल की तो मुरूम होता. मला मात्र नानांचं खरं वाटतं, आणि हे बाळूला माहीत आहे.

भाऊसाहेबांना वाटलं आपण सुटलो. ते म्हणाले, "असंच असतं. प्रत्येकाचं काहीतरी थकलेलं असतं. त्यासाठी सरकारला..."

"थकलेलं म्हणाले म्हणून आठवलं," बाळू वळला. "कबड्डीचं बक्षीस."

"कोणती कबड्डी?"

"तुमच्या वाढदिवसाची! प्रथम क्रमांक ५,००१ रुपये. बॅनरवर तुमचा फोटो केवढा आणि रक्कम केवढी! फायनल आम्ही जिंकली. फोटो काढला, हार घातला, पाकीट दिलं. पाकीट रिकामं."

"छे छे, पैसे नंतर द्यायचे ठरलं होतं."

"मग द्या ना, नंतर झालंय."

"अरे पण," भाऊसाहेब तावातावानं बोलून गेले, "तुमच्या संघाची नोंदणीच झाली नव्हती! रजिस्टरात नावच नाही तुमचं!"

बोलले आणि थांबले. आधी निलेशला चहाचा ठसका लागला, मग नानांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि बाळू बाकावरून खाली बसला तो हसतच. आप्पा काय झालं काय झालं करत झाऱ्यासकट बाहेर आला. शेवटी भाऊसाहेबांचंही पोट हलायला लागलं.

"पंच मी होतो," मास्तर म्हणाले. "गुणपत्रक घरी आहे. संघाचं नाव, सातही खेळाडू, खाली आयोजकाची सही."

"मास्तर," भाऊसाहेब हसता हसता हात जोडत म्हणाले, "जरा वरून बघा हो, वरून बघा."