‘खरखर’ आणि ‘देखावा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गायिका मारिया कॅलसच्या ‘टोस्का’ या ऑपेराच्या रेकॉर्डवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “१९५३चं मोनो, तेही दुसऱ्याने वापरून टाकलेल्या खरखरीत रेकॉर्डवर! काराजानचं १९६२चं स्टिरिओ ऐका. ऑपेरातलं काही कळत नसताना हा नुसता उच्चभ्रू दिसण्याचा देखावा आहे. सेकंडहँड स्वस्त पडतं हेही खोटं. डिजिटलमध्ये सगळं मिळतं.”

(मोनोत सगळा आवाज एकाच वाटेने येतो, स्टिरिओत डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी; काराजान हा १९६२च्या ‘टोस्का’चा कंडक्टर.) मतभेद असू द्या. पण ज्याला कधी भेटला नाहीत त्याला ढोंगी ठरवायची ही कुठली रीत?

टपालखर्च धरला तर जुनी रेकॉर्ड दरवेळी स्वस्त पडत नाही, हे मान्य. डिजिटलचा वाद इथे काढत नाही.

‘देखावा’ मात्र सोडणार नाही. ठाण्यात आमच्या घरी नाट्यसंगीत वाजायचं, ऑपेरा नाही. नोकरीसाठी लंडनला आलो तेव्हा इटालियनचा एक शब्द येत नव्हता. तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, ऑपेराचे बॉक्स सेट धूळ खात पडलेले असत. आत लिब्रेटोची, म्हणजे ऑपेराच्या संहितेची पुस्तिका, एका बाजूला इटालियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्या ओळींवर बोट ठेवून, रेकॉर्डची तीच बाजू पुन्हा पुन्हा लावून मी ऑपेरा ऐकायला शिकलो. भाड्याच्या त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. देखावा कुणासाठी करणार होतो?

आणि ‘काही कळत नसताना’? दुसऱ्या अंकात टोस्का झालेली कॅलस ‘क्वान्तो?’ (किती?) विचारते आणि मग ‘इल प्रेत्सो!’ (किंमत!) म्हणते, तेव्हा प्रियकराच्या जिवाची किंमत विचारणाऱ्या बाईचा तिरस्कार त्या दोन शब्दांत मावतो. समोर तितो गोब्बीचा पोलीसप्रमुख स्कार्पिया, मिलानच्या ला स्कालाचा वाद्यवृंद, कंडक्टर व्हिक्टर डी साबाता. हे ऐकायला दोन स्पीकरांमधलं अंतर लागत नाही. काराजानचा सेटही माझ्याकडे आहे, तोही सेकंडहँडच. त्यात टोस्का गाणाऱ्या लिओन्टिन प्राइसचा आवाज भरदार, व्हिएन्नाचा वाद्यवृंद देखणा. पण ज्युसेप्पे दि स्टेफानो दोन्हींत कावारादोस्सी, म्हणजे टोस्काचा प्रियकर आहे, तेव्हा त्याची ‘व्हित्तोरिया!’ (विजय!) ही आरोळी लागोपाठ ऐका. १९५३मध्ये ती उसळून वर जाते. १९६२मध्ये तिच्यामागचे कष्ट ऐकू येतात. हे तुमच्या कानांना जाणवलं नसेल तर दुसऱ्याच्या समजेवर बोलू नका.

खरखरीचं म्हणाल तर मोनो रेकॉर्डच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) उभी हालचालही वाचतं, आणि त्या हालचालीत धूळ आणि झिजेचा आवाज तेवढा असतो. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं की तो बराचसा जातो. तुम्ही ते दाबून पाहिलं होतं का? प्रतिक्रियेवरून तरी तसं वाटत नाही.

काराजानचा दुसरा अंक तुम्हाला का श्रेष्ठ वाटतो ते लिहा, मी मनापासून वाचेन. माझ्या हेतूंबद्दल लिहिणार असाल तर उत्तर मिळणार नाही.