‘मूल झाले की खेळ संपला’ हे धादांत खोटे आहे
गेल्या आठवड्यात धाराशिवहून धाकट्या बहिणीने एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘ताई, हे वाचून ह्यांनी तिचा सराव बंद केला.’ ती म्हणजे माझी नववीतली भाची. ती खो-खो खेळते. संदेश मात्र गोल्फविषयी आहे. भारताची गोल्फपटू अदिती अशोक पाचव्या वर्षापासून खेळूनही ऑलिंपिकमध्ये चौथीच आली, गोल्फला ताकद लागत नाही, जिला व्यावसायिक होता येत नाही ती हौशी, म्हणजे बक्षिसाच्या पैशाविना खेळणारी, राहते, बायकांना त्यात पैसा मिळत नाही आणि मूल झाले की सारे संपतेच, तेव्हा मुलींना मैदानावर धाडून वर्षे वाया घालवू नका, असे त्यात म्हटले आहे. आमच्या नात्यातल्या तीन गटांवर तो फिरला आणि एकानेही त्यातले एक वाक्य तपासले नाही, याचा मला संताप येतो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सराव बंद पडला तो त्याच्यामुळे. स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यू यांनी २००९ मध्ये रॉयल लिथमच्या मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा त्यांची दुसरी मुलगी अकरा आठवड्यांची होती. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. तो सरून जेमतेम तेवढेच दिवस गेले असताना ही बाई चार दिवस, ७२ होल (चेंडू घालायचे खड्डे) खेळून जगातल्या उत्तम खेळाडूंच्या पुढे राहिली. वय ३९ होते. हा अपवाद म्हणावा, तर अमेरिकेच्या ज्युली इंकस्टर यांनी दोन मुलींची आई असताना १९९९ मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकली. तेरा खेळाडूंनी १९५० मध्ये उभारलेली एलपीजीए ही महिला व्यावसायिकांची संघटना १९९३ पासून खेळाडूंच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते आणि ते स्पर्धांबरोबर गावोगाव फिरते. बाळंतपणाने खेळ संपत नाही; मूल सांभाळायला कोणी नसले, की तो थांबतो, आणि तो दोष बाईच्या अंगाचा नव्हे.

हौशी म्हणजे दुय्यम, हेही अज्ञान आहे. ग्लेना कॉलेट व्हेअर या आयुष्यभर हौशी राहिल्या आणि अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा त्यांनी सहा वेळा जिंकली. त्यांपैकी शेवटचे, १९३५ चे विजेतेपद लग्नानंतरचे, मुले झाल्यानंतरचे आहे, आणि तेव्हा हरलेली सतरा वर्षांची पॅटी बर्ग हीच पुढे एलपीजीएची पहिली अध्यक्ष झाली. गोल्फमध्ये कमी फटके घेणारी जिंकते; फेरीमागे सर्वांत कमी सरासरी फटके घेणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला एलपीजीए जो करंडक देते, त्याला या हौशी बाईंचेच नाव आहे.

अदितीबद्दल थोडक्यात सांगते. टोकियोला गेली तेव्हा जागतिक क्रमवारीत ती २०० वी होती, लांब फटके मारणाऱ्यांतली नव्हती आणि तरीही तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले, ते संदेश लिहिणाऱ्याने सोयीने गाळले आहे.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये पुरुषांसाठी २ कोटी १५ लाख डॉलरची बक्षिसे होती, महिलांसाठी १ कोटी २० लाखांची. तफावत उघड आहे, पण त्याला ‘पैसा मिळत नाही’ म्हणता येत नाही. गोल्फ महाग आहे आणि मराठवाड्यातल्या बहुतेक मुलींच्या आवाक्याबाहेरचा आहे, हेही खरेच. मात्र खो-खोला दोन खांब आणि मोकळे मैदान पुरते, आणि त्याच खेळासाठी सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या तर धाराशिवच्याच आहेत. बहिणीच्या यजमानांना हे सारे सांगायला मी शनिवारी धाराशिवला जाते आहे. सोमवारी पहाटे भाची मैदानावर दिसली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.